दोनशे एकोणपन्नास रुपये बहात्तर पैसे



1956 साली राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे भोपाळला आली. त्यांत आमचेही होते. विधानसभा तेव्हा मिंटो हॉलमध्ये भरे. वडिलांच्या बोलण्यात ज्या नावाचा सर्वाधिक दरारा जाणवे, ते पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांचे. जुन्या मध्यप्रांताचे ते गृहमंत्री होते. 1963 साली मध्यप्रदेशचे मुख्यमंत्री झाले.

त्याच वर्षी कसडोलच्या पोटनिवडणुकीत ते निवडून आले होते. पराभूत प्रतिस्पर्धी कमलनारायण शर्मा न्यायालयात गेले. खटला वर्षानुवर्षे चालला. अखेर मर्यादेपेक्षा 249 रुपये 72 पैसे अधिक खर्च झाल्याचा ठपका मिश्रांवर आला आणि ते सहा वर्षांसाठी अपात्र ठरले. हे घडले नेमके 1969 साली. संयुक्त विधायक दलाचे सरकार कोसळत होते आणि मिश्रांच्या पुनरागमनाची वाट मोकळी होत होती. ती बंद झाली. मार्चमध्ये श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री झाले.

त्या काळचे राजकारण सोवळे होते, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. 1967 मध्ये 36 आमदारांनी पक्ष सोडून याच मिश्रांचे सरकार पाडले होते, आणि त्या पक्षांतरामागे केवळ तत्त्वनिष्ठा होती असे कोण म्हणेल? पण हिशेबाचा कागद तेव्हा खरा मानला जाई. म्हणूनच तो खोटा ठरू शकत होता.

पुढे हा कागदच पोकळ करण्यात आला. ऑक्टोबर 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच खर्चात धरला पाहिजे. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि पक्षाचा व मित्रांचा खर्च मर्यादेबाहेर गेला. 2003 साली ती सवलत आकुंचित करण्यात आली. तथापि पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला आजही मर्यादा नाही. आमच्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा 2022 पासून 40 लाख रुपये आहे. हा आकडा ऐकून चहाच्या टपरीवर लोक हसतात. पैसे वाटले जातात हे दुःखदच. परंतु मला त्याहून अधिक बोचते ते हे हसणे. विजयी प्रतिनिधीच्या सार्वजनिक जीवनातील पहिली सही बहुधा खोट्या हिशेबाखाली पडते, हे मतदाराने गृहीत धरले आहे. त्यानंतर त्याच प्रतिनिधीकडे रस्त्याचा, धान्याचा, औषधांचा खरा हिशेब कोणत्या तोंडाने मागावयाचा?

काही वर्षांपूर्वी एका उमेदवाराच्या कचेरीत वह्या लिहिणारा एक तरुण मला भेटला. मी सहज विचारले, "खर्च किती झाला रे?"

"कोणत्या वहीतला सांगू, सर?" तो म्हणाला. त्याच्या स्वरात ना लाज होती, ना उद्धटपणा. नागरिकशास्त्र त्याला मीच शिकवले होते.