पुसाच्या शेतातील रिकामी चौकट

सुडोकू सोडवणारा प्रत्येक जण एक जुना नियम पाळतो: आडव्या ओळीत आणि उभ्या स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच यावे. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी अशा मांडण्यांचा अभ्यास करताना चौकटींत लॅटिन अक्षरे भरली. म्हणून त्यांना 'लॅटिन चौरस' म्हणतात. १९७९ साली अमेरिकेत प्रथम छापले गेलेले सुडोकू हा ९×९ चा लॅटिन चौरसच आहे. त्यात ३×३ च्या पेट्यांची अट तेवढी अधिक. भारतात मात्र हा चौरस कोड्यांच्या सदरात येण्याआधी कित्येक दशके शेतात उतरला होता.

जमीन एकसारखी नसते. एका कडेला ओल अधिक, दुसरीकडे माती हलकी. गव्हाच्या चार वाणांची तुलना करताना एखाद्याच्या वाट्याला सुपीक पट्टा आला, तर श्रेय मातीचे असूनही ते वाणाला मिळते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात यावर लॅटिन चौरसाचा उपाय रुजवला. शेताचे १६ वाफे पाडायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत व स्तंभात एकदाच पेरायचा.

दिल्लीत या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० पासून कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले, तेव्हा ती धुरा विनायक गोविंद पानसे यांच्याकडे आली. लॅटिन चौरसासह प्रयोगरचनेच्या पद्धती शिकवणारा या दोघांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये परिषदेने प्रसिद्ध केला. पुसा परिसरातील आजची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था याच विभागातून वाढली.

कोडे आणि शेत यांतील नाते रिकाम्या चौकटीपाशी उलगडते. ४×४ च्या कोड्यात दुसऱ्या ओळीत 'ग' आणि 'घ' भरलेले आहेत. तिसऱ्या चौकटीत 'क' किंवा 'ख' येईल. त्या स्तंभात खाली 'क' आधीच आहे. म्हणून येथे 'ख', आणि ओळीतील शेवटच्या चौकटीत 'क'. ओळीने दोन पर्याय ठेवले, स्तंभाने एक खोडला. उत्तर निश्चित आहे.

शेतात कोणता वाण कोठे पेरला हे ठाऊक असते. हरवते ते उत्पन्न. एक वाफा गुरांनी खाल्ला तर? १९३० मध्ये ॲलन आणि विशार्ट यांनी अशा वाफ्याच्या अनुमानाची रीत मांडली. १९३३ मध्ये फ्रँक येट्स यांनी ती विस्तारली. समजा, हरवलेल्या वाफ्याच्या ओळीतील उरलेल्या तीन वाफ्यांची बेरीज ३० किलो, स्तंभातील तिघांची ३३, त्याच वाणाच्या तिघांची ३६ आणि सर्व १५ वाफ्यांची १५९ आहे. पहिल्या तीन बेरजा मिळून ९९. त्यांची चौपट ३९६. त्यातून १५९ ची दुप्पट, म्हणजे ३१८, वजा केल्यास ७८. त्याला (४−१)×(४−२), म्हणजे ६ ने भागले की उत्तर १३ किलो.

येथेही ओळ आणि स्तंभ साक्ष देतात; वाण हा तिसरा साक्षीदार. मात्र हे १३ किलो कोड्यातल्या 'ख' इतके पक्के नाहीत. ओळ, स्तंभ आणि वाण यांचे परिणाम परस्परांत केवळ मिळवले जातात, हे गृहीत धरल्यावरच ते मिळतात. शिवाय ही संख्या उरलेल्या १५ आकड्यांशी तंतोतंत जुळेल अशीच काढलेली असते. त्यामुळे प्रयोगाची त्रुटी किती, हे सांगण्यास तिची काहीच मदत होत नाही. म्हणूनच अशा ४×४ प्रयोगात त्रुटी मोजणाऱ्या स्वतंत्र तुलना ६ ऐवजी ५ धरतात.

हा एक अंक वगळण्याचे विसरले, तर प्रयोग प्रत्यक्षापेक्षा अधिक खात्रीचा भासतो आणि कमअस्सल वाणही शेतकऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. कोड्यातील रिकामी चौकट भरली की काम संपते. शेतातील चौकट भरल्यावरही ती रिकामी होती, याची नोंद हिशेबात ठेवावी लागते.