खिळा, शिळा आणि पडदा

मराठी मुद्रणाचा इतिहास मुंबई-पुण्यापासून सुरू होतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः देवनागरी खिळ्यांनी छापलेला आरंभीचा मराठी ग्रंथ, विल्यम कॅरीचे व्याकरण, १८०५ मध्ये कलकत्त्यानजीक सेरामपूर येथे निघाला. १८१० च्या त्याच्या कोशासाठी तर मोडीचे खिळे पाडण्यात आले. तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यातून त्याच सुमारास इसापनीतीचा मराठी अनुवाद बाहेर पडला. मुंबईत गणपत कृष्णाजींचे शिळाछापाचे पंचांग निघाले ते १८३१ मध्ये. आम्हां परप्रांतस्थांनी हे थोड्या अभिमानाने सांगावयास हरकत नसावी.

संगणकाच्या पडद्यावर मराठी आली तेव्हा हेच अंतर पुन्हा कामी आले. छापखान्याच्या काळी इंदूर वा हैदराबादच्या लेखकाने टपालाने लेख धाडावा आणि महिन्यांनी तो ‘साभार परत’ यावा, हा क्रम परिचित होता. ब्लॉगने, ज्यास ‘अनुदिनी’ असे गोड नाव मिळाले, तो मोडला. रात्री लिहिलेले सकाळी परदेशातही वाचले जाऊ लागले. त्यामुळे लेखनाची घडणही पालटली: परिच्छेद आखूड झाले, वऱ्हाडी-मालवणी बोली निःसंकोच आल्या, वाचकाच्या अभिप्रायावरून पुढचा भाग ठरू लागला. मात्र संपादक, जुळारी व मुद्रितशोधक हे तिघेही या व्यवहारातून गेले, आणि शुद्धलेखनावरून त्यांची अनुपस्थिती तत्काळ ध्यानी येते! शिवाय लेखक जुना मजकूर मूकपणे बदलतो; पहिली आवृत्ती कोणती, हे अभ्यासकाने कसे ठरवावे?

याहून गंभीर प्रश्न टिकण्याचा आहे. देवनागरीस युनिकोडात १९९१ पासून स्थान असले, तरी पुढे कित्येक वर्षे प्रत्येक फाँटची संकेतपद्धती निराळी होती. तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हेच उमटतात. ‘ॲ’ या अक्षरास तर स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. जिओसिटीज ही विनामूल्य पानांची सेवा २००९ मध्ये जपानखेरीज सर्वत्र बंद झाली आणि तेथील असंख्य पाने पुसली गेली. कॅरीचे व्याकरण मात्र दोन शतकांनंतरही सरळ उघडून वाचता येते.

जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडात आणणारी साधने आज उपलब्ध आहेत. ज्या सभासदांकडे अशा चकत्या वा फाइली पडून असतील, त्यांनी त्या मंडळाच्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात, आणि सोबत कागदावरील एक प्रतही द्यावी, अशी आमची विनंती आहे.