एका कॉन्फिगरेशन फाइलने ८५ लाख कॉम्प्युटर बंद पाडले! अशा फाइल्सची तपासणी आपोआप कशी होते?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. अचानक जगभरातल्या बँका, हॉस्पिटलं आणि विमानतळांवरचे विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बंद पडू लागले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यांचे फोटो तुम्हीही सोशल मीडियावर पाहिले असतील.

हा सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सॉफ्टवेअरला पाठवलेल्या एका कॉन्फिगरेशन फाइलमुळे हे घडलं. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरना फटका बसला होता. आश्चर्य म्हणजे, ही फाइल पाठवण्याआधी तिची आपोआप तपासणी झाली होती आणि त्यात ती पासही झाली होती!

कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे काय?

मिक्सर एकच असतो, पण चटणीला बटण एकवर आणि मसाल्याला तीनवर ठेवावं लागतं. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. प्रोग्राम तोच राहतो. त्याने कोणत्या डेटाबेसला जोडायचं, किती वेळ वाट पाहायची, कोणती सोय चालू ठेवायची हे एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तीच कॉन्फिगरेशन फाइल. ती बहुतेकदा जेसन किंवा यामल या पद्धतीने लिहितात.

खरा धोका इथेच आहे. कोड बदलला की टेस्टिंग होतं. फाइलमधला एखादा आकडा बदलला, की "एवढ्याने काय होतंय?" असं म्हणून तो तसाच पुढे जातो.

छोट्या चुकीने काय बिघडतं?

जेसन फाइलमध्ये शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम जास्त पडला, तर नियमाने चालणारा प्रोग्राम पूर्ण फाइल नाकारतो. ही चूक परवडली, कारण ती लगेच कळते.

न बोलणाऱ्या चुका जास्त घातक. यामलच्या जुन्या नियमांनुसार इंग्रजी 'नो' या शब्दाचा अर्थ 'असत्य' असा घेतला जातो. नॉर्वे देशाचं दोन अक्षरी चिन्ह नेमकं तेच आहे! त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेच्या जागी 'असत्य' येतं. तसंच पायथनची आवृत्ती ३.१० अशी लिहिली, तर यामल तिला दशांश संख्या समजून ३.१ करून टाकतं. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे ही किंमत अवतरण चिन्हांत लिहायची. पण ते प्रत्येक वेळी लक्षात कोण ठेवणार?

मग तपासणी आपोआप कशी होते?

डेव्हलपरने बदल जमा केला की सर्व्हरवर बिल्ड सुरू होतो, म्हणजे कोड गोळा करून सॉफ्टवेअर तयार केलं जातं. त्याच वेळी फाइल तीन पायऱ्यांतून जाते.

१. व्याकरण: कंस, स्वल्पविराम, रिकाम्या जागा बरोबर आहेत का? यामललिंटसारखी टूल्स हे काम करतात.

२. साचा: कोणती माहिती हवीच, कुठे आकडा आणि कुठे शब्द, हे आधी एका स्कीमात लिहून ठेवतात. उदाहरणार्थ, पोर्ट हा १ ते ६५५३५ मधला पूर्णांकच हवा. इथे एक मेख आहे. जेसन स्कीमा अनोळखी नावं आपणहून नाकारत नाही. तुम्ही नावाचं स्पेलिंग चुकवलंत आणि ती नोंद सक्तीची नसेल, तर चूक तशीच निसटते. अनोळखी नाव नाकारायला स्कीमात स्पष्ट सांगावं लागतं.

३. खुद्द प्रोग्रामची साक्ष: जो प्रोग्राम ती फाइल वाचणार, त्यालाच विचारायचं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला चाचणीचा आदेश दिला, तर तो वेबसाइट सुरू न करता फक्त कॉन्फिगरेशन वाचून चूक सांगतो.

तपासणारं टूल शेवटी एक आकडा परत देतं. शून्य म्हणजे सगळं ठीक. दुसरं काहीही आलं, की बिल्ड तिथेच थांबतो आणि ती फाइल पुढे जात नाही.

क्राउडस्ट्राइकची तपासणी कुठे चुकली?

बँकेतला फॉर्म डोळ्यांसमोर आणा. फॉर्ममध्ये २१ रकाने, पण आतल्या टेबलावर कागद येतात २०च. खिडकीवरचा माणूस फक्त २१ रकाने भरलेत का ते बघतो आणि शिक्का मारतो.

अगदी हेच झालं. नव्या प्रकारच्या नियमांसाठी २१ रकाने ठरले होते, पण कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम २०च किमती पुरवत होता. तपासनीस प्रोग्रामने मात्र २१ मिळतील असं गृहीत धरलं. आधीच्या फाइल्समध्ये २१व्या रकान्यात 'काहीही चालेल' असं होतं, म्हणून चूक लपून राहिली. १९ जुलैच्या फाइलने तो रकाना खरोखर तपासायला सांगितला. प्रोग्राम मेमरीत नसलेली जागा वाचायला गेला आणि विंडोज कोसळलं. फाइल मागे घेऊनही बंद पडलेले बरेच कॉम्प्युटर एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले.

मग काय करायला हवं?

त्यानंतर कंपनीने रकान्यांची संख्या जुळते का हे बिल्डच्या वेळीच तपासायला सुरुवात केली. प्रोग्राम मेमरीच्या हद्दीबाहेर वाचणार नाही अशी सोय केली. शिवाय अशा फाइल्स सगळ्यांना एकदम न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवायचं ठरवलं.

तुमचा स्वतःचा छोटा प्रोजेक्ट असेल तरी हे तीन नियम पाळता येतात. स्कीमा लिहा आणि तपासणी बिल्डमध्ये जोडा. मुद्दाम एक चुकीची फाइल देऊन बिल्ड थांबतो का ते बघा. आणि हिरवी खूण दिसली तरी बदल आधी मोजक्याच ठिकाणी चालवून पाहा. कारण पोर्टचा आकडा नियमात बसतो का, एवढंच स्कीमा सांगतो. तो योग्य डेटाबेसचा आहे का, हे त्याला माहीत नसतं.