माहिती प्रणाली : ज्ञानशाखेची ओळख कोण ठरवतो?

एखाद्या ज्ञानशाखेची ओळख काय, हा प्रश्न वरवर पाहता प्राध्यापकांच्या भांडणाचा वाटतो. पण तो तेवढाच नाही. कोणता विषय 'आपला' आणि कोणता 'परका', कोणाचा अनुभव अभ्यासायचा आणि कोणाचा सोडून द्यायचा, हे त्या भांडणात ठरते. बीसीए, एमसीए, एमबीए करणाऱ्या आपल्या अनेक मुलामुलींना 'इन्फर्मेशन सिस्टिम्स', म्हणजे माहिती प्रणाली, हा पेपर असतो. तो पास होण्यापुरता वाचला जातो. हा विषय कित्येक दशके 'मी नेमका कोण?' असे स्वतःलाच विचारत आला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा इतिहास आम्ही इथे मांडत आहोत.

सुरुवात विद्यापीठात झाली नाही. ती झाली कंपनीच्या कचेरीत. ब्रिटनमध्ये चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवणाऱ्या जे. लायन्स या कंपनीने स्वतःचा संगणक बांधला. त्याचे नाव लिओ. 1951 मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे हिशेब होऊ लागले. कारकुनांचे काम यंत्राकडे गेले. खर्च किती, माल किती, पगार किती, हे मालकाला लवकर कळावे या गरजेतून संगणक कचेरीत शिरला. त्याचा अभ्यास करणारी शाखा मागाहून आली.

ती दोन वाटांनी आली. स्वीडनमध्ये साब या विमान कंपनीतून आलेले ब्यर्ये लांगेफोर्स यांनी 1966 मध्ये माहिती प्रणालींच्या सैद्धांतिक विश्लेषणावर ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा साधा पण खोल होता. कागदावरचे आकडे म्हणजे माहिती नव्हे. वाचणारा आपल्या आधीच्या ज्ञानाने त्यांचा अर्थ लावतो, तेव्हा माहिती तयार होते. वाचणारा बदलला की माहितीही बदलते. दुसरी वाट अमेरिकेची. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस हा विषय उभा केला. त्यांचे गाजलेले पाठ्यपुस्तक 1974 चे. इथे विषयाच्या नावातच 'मॅनेजमेंट' होते. म्हणजे माहिती कोणासाठी, याचे उत्तर अभ्यासाआधीच ठरले होते : व्यवस्थापकासाठी. 1977 मध्ये तिथेच 'एमआयएस क्वार्टरली' हे नियतकालिक सुरू झाले आणि पुढे जगभरात हीच वाट रुळली.

पण घर बांधले तरी सात-बारा नावावर नव्हता. संगणकशास्त्रवाले म्हणत, यात तंत्र कुठे आहे? व्यवस्थापनवाले म्हणत, यात सिद्धान्त कुठे आहे? 1980 मध्ये फिलाडेल्फियाला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे पीटर कीन यांनी स्पष्ट विचारले की आपल्या आधारशाखा कोणत्या, आपण नेमके काय मोजतो आणि एकाच्या कामावर दुसऱ्याचे काम का उभे राहत नाही.

पुढे डॉटकॉमचा फुगा फुटला. अमेरिकेत या विषयाकडे येणारे विद्यार्थी कमी झाले आणि भीती वाढली. 2003 मध्ये इझाक बेनबासाट आणि रॉबर्ट झमुड यांनी थेट 'ओळखीचे संकट' असे म्हणत लेख लिहिला. त्यांनी दोन चुका दाखवल्या. पहिली समावेशाची : तंत्राशी दूरचे नाते असलेल्या गोष्टींचा अभ्यास करणे. दुसरी वगळण्याची : खुद्द तंत्र आणि त्याच्या अगदी जवळचे प्रश्नच अभ्यासातून सुटणे. त्यांचा उपाय होता गाभा निश्चित करा, कुंपण घाला. 2004 मध्ये कॅले ल्यूटिनेन आणि जॉन किंग यांनी याला उत्तर दिले. प्रतिष्ठेसाठी सैद्धांतिक गाभा लागतोच असे नाही, असे ते म्हणाले. प्रश्न महत्त्वाचे असावेत, निष्कर्ष भक्कम असावेत आणि शाखेला बदलता यावे, एवढे पुरे.

आम्हाला दुसरी बाजू जास्त पटते. पण आमचा आक्षेप दोन्ही बाजूंच्या पलीकडचा आहे. पहिल्या बाजूच्या चौकटीत तंत्राचा 'वापर' होता, 'परिणाम'ही होता. पण परिणाम कोणावर? वापर कोणाच्या हुकमाने?

हा प्रश्न त्याच्या तीस वर्षे आधी विचारला गेला होता. नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ क्रिस्टेन न्यूगोर 1970 च्या सुमारास लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेसोबत कामाला लागले. कारखान्यात येणारा संगणक कामगारांनी समजून घ्यावा आणि त्यावर आपले म्हणणे मांडावे, हा त्यामागचा उद्देश होता. 1975 मध्ये तिथल्या कामगार महासंघ आणि मालक संघटनेत संगणक प्रणालींविषयी करार झाला. इंग्लंडमध्ये एनिड मम्फर्ड आधी गोदी कामगारांचा आणि खाणकामगारांचा अभ्यास करत होत्या. पुढे मँचेस्टर बिझनेस स्कूलमधून त्यांनी मांडले की प्रणाली जे वापरणार, त्यांनीच तिची रचना करण्यात भाग घ्यावा. 1999 मध्ये त्यांना या शाखेचा मोठा सन्मान मिळाला. त्याचे नाव लिओ पुरस्कार, त्या बेकरीच्या संगणकावरून! सन्मान झाला, पण त्यांचा प्रश्न शाखेचा गाभा झाला नाही.

बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्र शिकत होते, तरी 1916 मध्ये जातीवरचा निबंध त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. प्रश्न आधी, शाखेचे कुंपण नंतर, असा तो क्रम होता. आणि कुंपण घालण्यातूनच जात कशी घडते, हेच त्या निबंधात त्यांनी उलगडले होते.

मित्रांनो, आज रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा जुळला नाही की म्हातारी रिकाम्या हाताने परतते. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जात एक रकाना चुकला की पोराचे वर्ष टांगणीला लागते. लांगेफोर्सच्या भाषेत सांगायचे तर आकडे तेच असतात, पण त्यांचा अर्थ लावणारा खुर्चीत बसलेला असतो. ही खरी वगळण्याची चूक. यात अभ्यासातून विषय सुटत नाही, यादीतून माणूस सुटतो. ती अभ्यासणे हे या ज्ञानशाखेचे काम नसेल, तर मग कोणाचे?

म्हणून या विषयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी केवळ नोकरीवर थांबू नये. प्रकल्पाचा विषय निवडताना ज्याचे नाव यादीतून गळाले, त्याच्यापासून सुरुवात करावी. शाखेची ओळख तिथे बसून प्रश्न विचारणारे ठरवतात. तिथे आपण नसलो, तर ती आपल्याशिवाय ठरेल.