फटफटीस्वारांची छापनिष्ठा

खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याची आपली प्रथा फार जुनी आहे. काळ बदलला, तलवारींची जागा नांगर, काटे-तराजू आणि शिवणयंत्रे ह्यांनी घेतली आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्या रांगेत फटफटी येऊन उभी राहिली. आज गोमंतकातील, बेळगाव प्रांतातील किंवा इंदूर-बडोद्याकडील कोणत्याही मराठी वस्तीत त्या दिवशी फिरून पाहावे. झेंडूची माळ घातलेली, हळदकुंकू लावलेली, चाकाखाली लिंबू ठेवलेली दुचाकी दारोदार आढळेल. नवी गाडी घेतली की ती प्रथम देवळासमोर नेऊन उभी करावयाची, हाही आता एक आचारच झाला आहे. ह्या पूजेत वस्तूविषयीची कृतज्ञता आहे, हे उघड आहे. परंतु तिच्याजवळच आणखी एक भाव नांदत असतो आणि त्याचा विचार आपण क्वचितच करतो. अमुक एकाच छापाची गाडी घेईन, दुसरी दारात आणणार नाही, असा आग्रह धरणारे स्वार गावोगाव आहेत. हा आग्रह कोठून आला, तो कशावर टिकला आणि त्याचा खरा धनी कोण, ह्याचा इतिहासाच्या आधारे विचार करावा, असे आम्हास वाटते.

आपल्या देशात ह्या निष्ठेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बुलेट. तिचे मूळ इंग्लंडातील रेडिच ह्या गावी आहे. तेथील एन्फील्ड सायकल कंपनीने १९०१ साली आपली पहिली मोटारसायकल बनविली. एन्फील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेस सुटे भाग पुरविण्याशी कंपनीचा संबंध होता, म्हणून तोफेचे चिन्ह आणि ‘बंदुकीसारखी घडविलेली’ हे ब्रीद तिने मिरविले. बुलेट हे नाव १९३२ साली प्रथम वापरात आले. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरील गस्तीसाठी भारतीय सैन्यास भक्कम मोटारसायकली हव्या होत्या. तीनशे पन्नास घनसेंटिमीटरची बुलेट त्या कामास योग्य ठरली. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात प्रथम विलायती भाग जोडून व पुढे येथेच सर्व भाग घडवून बुलेट तयार होऊ लागली.

ह्यापुढची घटना इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. १९७० च्या सुमारास मूळ इंग्लिश कंपनी बंद पडली. जपानी मोटारसायकलींच्या स्पर्धेपुढे इंग्लंडातील बहुतेक जुनी घराणी त्या काळात कोसळली, त्यांत हेही एक होते. परंतु मद्रासेतील शाखा जिवंत राहिली. इतकेच नव्हे, तर १९७७ पासून मद्रासेत बनलेली बुलेट इंग्लंडात जाऊ लागली आणि आपल्या तारुण्यातील गाडी पुन्हा मिळाली म्हणून तेथील जुने स्वार ती विकत घेऊ लागले. मूळ झाड उन्मळून पडले आणि परदेशी रुजलेल्या फांदीची फळे मूळच्या अंगणात परत गेली, असाच हा प्रकार होता. ह्याचा अर्थ स्वाराची निष्ठा कारखान्याच्या जागेशी किंवा मालकाशी नव्हती. ती त्या यंत्राच्या घडणीशी आणि नावाशी होती.

दुसरे उदाहरण म्हैसूरचे. प्राग येथे फ्रांतिशेक यानेचेक ह्यांनी १९२९ साली मोटारसायकलींचा उद्योग आरंभिला. त्यांनी वाँडरर ह्या जर्मन कारखान्याची रचना विकत घेतली होती. दोन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून ‘जावा’ हे नाव सिद्ध झाले. ह्या घराण्याचा आणि त्याच्याशी पुढे एकत्र आलेल्या चेझेड ह्या चेक कारखान्याचा खरा लौकिक चिखलमातीच्या खडतर शर्यतींत होता. १९६४ साली बेल्जियमचा जोएल रोबेर चेझेडवर बसून अडीचशेच्या गटात मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. इराणी घराण्याने म्हैसूर येथे आयडियल जावा ही कंपनी काढली आणि १९६१ पासून तेथे जावा गाड्या बनू लागल्या. १९७३ साली गाडीवरील नाव बदलून ‘येझदी’ झाले. हे नाव इराणातील यझ्द नगराची आठवण देणारे आहे. नाव बदलले, पण स्वार बदलले नाहीत. खडकाळ घाटांत आणि मातीच्या शर्यतींत ज्यांनी ही दोन धुरांड्यांची गाडी पिटाळली, ते तिला जावा म्हणोत वा येझदी, तिलाच धरून राहिले.

तिसरे नाव राजदूतचे. पोलंडच्या एसएचएल गाडीच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्स कंपनीने ती बनविली. खेड्यातला दूधवाला, दोन्ही बाजूंना लटकणारे हंडे आणि मध्ये राजदूत, हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. १९७३ सालच्या ‘बॉबी’ चित्रपटातील लहानखुरी राजदूतही लोकांच्या स्मरणात आहे. परंतु राजदूतचे खरे भक्त पडद्यासमोर नव्हते, ते शेताच्या बांधावर होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो योग्यच आहे. त्या काळात परवान्यांचे राज्य होते. कोणी किती गाड्या बनवावयाच्या हे सरकार ठरवी. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जेथे निवडच नाही तेथे निष्ठा कसली? गावात एकच विहीर असेल तर तिचे पाणी पिणाऱ्यास तिचा भक्त म्हणता येत नाही. हा आक्षेप आम्हास मान्य आहे. म्हणूनच निष्ठेची खरी परीक्षा १९६० नंतरच्या दोन दशकांत झाली नाही. ती १९८४-८५ नंतर झाली.

त्या सुमारास जपानी कंपन्यांशी करार करून शंभर घनसेंटिमीटरच्या हलक्या गाड्या आपल्या बाजारात उतरल्या. टीव्हीएसच्या सहकार्याने सुझुकी, हिरोच्या सहकार्याने होंडा, एस्कॉर्ट्सच्या सहकार्याने यामाहा आणि बजाजच्या सहकार्याने कावासाकी आली. हिरो होंडाची गाडी एका लिटर पेट्रोलमध्ये जुन्या गाड्यांच्या दुपटीने धावे आणि तिच्या जाहिरातीचा आशयच असा होता की टाकी भरा, झाकण लावा आणि पेट्रोलची चिंता विसरा. सांसारिक माणसास ह्याहून गोड वचन कोणते? लक्षावधी लोकांनी जुन्या छापांकडे पाठ फिरविली. त्यांना कृतघ्न म्हणण्याचे कारण नाही. ज्याचे पोट गाडीवर अवलंबून आहे, त्याने पेट्रोलचा हिशेब करावयाचाच. गोमंतकात प्रवाशास मागे बसवून नेणाऱ्या फटफटीवाल्यास ‘पायलट’ म्हणतात. पिवळ्या-काळ्या रंगाची गाडी चालविणारा हा कष्टाळू मनुष्य कोणता छाप निवडतो, हे प्रेमापेक्षा पेट्रोल आणि सुटे भाग ह्यांच्या दरांवर ठरते. प्रपंचाचा हा विवेक निष्ठेहून कमी प्रतीचा नव्हे.

जुनी घराणी मात्र ह्या लाटेत खचली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. बुलेटची कंपनी १९९० नंतर आयशर समूहाच्या हाती गेली, तरी तिची प्रकृती सुधारेना. २००० साली तिची विक्री महिन्याला सुमारे दोन हजारांवर आली होती आणि हा व्यवसाय बंद करावा किंवा विकून टाकावा, असा विचार मालकांत चालू होता. ह्या पडत्या काळात जे स्वार आपल्या छापास चिकटून राहिले, त्यांनाच आम्ही निष्ठावंत म्हणू. त्यांच्यापुढे निवड होती, आणि ती करूनही ते राहिले.

का राहिले? आमच्या मते ह्याचे उत्तर त्या यंत्रांच्या स्वभावातच सापडते. जुनी बुलेट सुरू करणे ही एक विद्या होती. आधी विद्युत्‌मापकाचा काटा पाहावयाचा, किक हलकेच दाबीत तो मध्यावर आणावयाचा, डाव्या मुठीजवळची डिकॉम्प्रेसरची लहानशी दांडी ओढून दट्ट्यावरचा दाब सोडावयाचा आणि मग एकाच दमात किक मारावयाची. हे न जाणणाऱ्याच्या पायास ती असा झटका देई की तो जन्मभर विसरू नये. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, म्हणजे इतर गाड्यांच्या नेमका उलट. जावा-येझदीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यात किकची दांडी आणि गिअरची दांडी एकच असे. ती आत दाबून फिरवली की किक, पुढे पाडली की गिअर. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळावयाचे, धूर कोणत्या रंगाचा यावयास हवा, हे सारे स्वारास ठाऊक असावे लागे. जी वस्तू शिकावी लागते ती सहजासहजी सोडवत नाही. बाप मुलाला गाडी देई तेव्हा तिच्याबरोबर ही विद्याही देई. गाडी अशा रीतीने बाजारातील माल न राहता घरातील वारसा होई.

ह्या विद्येचा दुसरा आधार म्हणजे गावचा मिस्त्री. बुलेटचे इंजिन उघडण्यास पाने, हातोडी आणि अनुभवी कान पुरे होत. टॅपेट सैल आहे की पॉइंट झिजले आहेत, हे तो आवाजावरून सांगे. कंपनी बंद पडल्यावरही येझद्या धावत राहिल्या, त्या ह्या मिस्त्र्यांमुळे. त्यांनी मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग जपले आणि लेथवर नवे भाग कातून घेतले. कारखान्याला कुलूप लागले तरी हातात कसब होते. म्हणून आम्ही म्हणतो की जिला छापाची निष्ठा म्हणतात, ती बऱ्याच अंशी कारागिराची आणि त्याच्या कसबाची निष्ठा होती. टाकीवरचे नाव तिचे निमित्त होते.

परदेशातील एक उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनी १९६९ साली एएमएफ ह्या मोठ्या उद्योगाने घेतली. नंतरच्या काळात गाड्यांचा दर्जा घसरल्याची ओरड झाली. १९८१ साली कंपनीतीलच तेरा अधिकाऱ्यांनी ती परत विकत घेतली आणि १९८३ साली कंपनीने स्वतः आपल्या ग्राहकांचा संघ उभारला. तेथे निष्ठा विखुरलेली होती, कंपनीने ती संघटित करून आपल्या व्यापाराचे भांडवल बनविले. आपल्याकडे क्रम उलट होता. जावा-येझदीच्या स्वारांनी मंडळे काढली तेव्हा त्यांच्या मागे कोणतीच कंपनी उभी नव्हती. जुलैतील दुसऱ्या रविवारी ते आपल्या गाड्यांचा दिवस साजरा करू लागले, तेही मृत छापाच्या नावाने.

पुढे व्यापाराचे लक्ष इकडे वळणे अपरिहार्य होते. एन्फील्डने २००९ साली ‘क्लासिक’ ही गाडी काढली. बाह्य रूप जुने आणि इंजिन नवे, असा तिचा घाट होता. गिअर डावीकडे गेला, बीडाचे जुने इंजिन निवृत्त झाले, तेल गळणे थांबले. जुने भक्त रागावले. आमच्या गाडीचा आवाज गेला, तिचा आत्मा गेला, असे ते म्हणू लागले. परंतु २०१० साली वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास असलेली विक्री २०१४ साली तीन लाखांच्या वर गेली. येथे एक कटू सत्य नमूद केले पाहिजे. ज्यांनी पडत्या काळात छाप जगविला, त्यांची इच्छा तंतोतंत पाळली असती तर कदाचित तो जगला नसता. निष्ठावंतांनी नाव टिकविले आणि त्यांना थोडे नाराज करूनच कंपनी टिकली. गोमंतकात दरवर्षी भरणारा बुलेटस्वारांचा मेळावाही आता मोठ्या उत्सवाचे रूप पावला आहे.

जावाचे पुनरागमन २०१८ साली झाले. नवी गाडी म्हैसुरात नव्हे, तर इंदूरजवळील पीथमपूर येथे बनू लागली. तिचे इंजिनही जुन्या दोन धक्क्यांच्या धर्तीचे राहिले नाही, ते चार धक्क्यांचे झाले. २०२२ च्या आरंभी येझदीही परतली. त्याच वर्षी येझदी ह्या नावाची मालकी कोणाची, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गाजला. एकल न्यायाधीशांनी ते नाव अवसायनात निघालेल्या जुन्या कंपनीचे ठरविले आणि त्यावर अपील झाले. न्यायालयाने कायद्याचाच विचार करावयाचा असतो. परंतु ह्या वादाकडे पाहताना आमच्या मनात वेगळाच विचार आला. कारखाना बंद असताना, एकही नवी गाडी बनत नसताना, बावीस-पंचवीस वर्षे त्या नावाला किंमत राहिली ती कोणामुळे? ज्यांनी अंगणात गाडी पुसून ठेवली आणि ज्यांनी गल्लीतल्या गॅरेजात ती चालू ठेवली, त्यांच्यामुळे. ह्या ऋणाची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

आणि आता त्या गॅरेजचेच दिवस कठीण आले आहेत. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. हवेच्या आणि मुलाबाळांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते, ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु त्यांबरोबर बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला आणि इंधन मोजून सोडणारे विद्युत्‌यंत्र आले. आता दोष शोधण्यास कानाऐवजी संगणकी उपकरण लागते आणि ते कंपनीच्या दुकानात असते. स्वार आणि यंत्र ह्यांच्यामध्ये उभा असलेला मिस्त्री बाजूला सारला जात आहे. तो गेला तर उरणारी निष्ठा केवळ टाकीवरच्या अक्षरांची असेल, आणि अशी निष्ठा जाहिरातदारास जितकी सोयीची, तितकीच स्वारास महाग पडणारी ठरेल.

आपल्या गावातील तरुण अमुक छाप तमुक छाप म्हणून एकमेकांशी वाद घालतात, ते आम्हास कौतुकाने ऐकावेसे वाटते. तारुण्यास कशाचा तरी अभिमान हवाच. त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की येत्या खंडेनवमीला गाडीला माळ घालाल, तेव्हा नारळाची एक वाटी गल्लीतल्या वृद्ध मिस्त्र्याकडे नेऊन द्या आणि जमल्यास त्याच्याजवळ बसून टॅपेटचा आवाज ओळखण्यास शिका. ती विद्या त्याच्या पाठीमागे कोणीतरी घेऊन ठेवावयास हवी आहे.