फ्लॉरिडाची यांत्रिक मगर

दशावतारांतील मत्स्य हा पाण्यांतला, वराह हा जमिनीवरचा, आणि त्या दोहोंच्या मध्यें कूर्म. पाण्यांतही सुखी, जमिनीवरही सुखी. निसर्गाला जें इतक्या सहज साधलें, तें माणसाच्या यंत्रविद्येला मात्र फार उशिरां साधलें. होडी किनाऱ्याला टेकली कीं तिचें काम संपतें. मोटार पाण्यांत शिरली कीं तिचें यंत्र बंद पडतें. या दोन वाहनांच्या मध्यें चिखलाची, दलदलीची व उथळ पाण्याची जी पट्टी उरते, ती ओलांडण्याचा ध्यास प्रथम कोणा मोठ्या कारखान्यानें घेतला नाहीं; स्वतःच्या कर्मशाळेंत खपणाऱ्या एकट्यादुकट्या माणसांनीं घेतला.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं ऑलिव्हर एव्हन्स नांवाचा एक यंत्रज्ञ होता. पिठाच्या गिरण्यांत सुधारणा करून त्यानें कीर्ति मिळविली होती. गोदींतला गाळ उपसण्यासाठीं तेथील आरोग्य मंडळाकरितां त्यानें १८०५ सालीं एक वाफेचें यंत्र बांधलें. कर्मशाळा नदीपासून सुमारें दीड मैल दूर. तेव्हां त्यानें त्या सपाट तळाच्या नौकेलाच चाकें लावलीं, तें धूड शहरांतून मिरवलें आणि मग पाण्यांत सोडलें. तें स्वतःच्या वाफेवर रस्त्यानें कितपत चाललें, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे. गाळ काढण्याच्या कामीं तें फारसें उपयोगी पडलें नाहीं, आणि अखेर मोडींत गेलें. तथापि एकच यंत्र दोन्हीं ठिकाणीं चालावें ही कल्पना मात्र मोडींत गेली नाहीं.

या कल्पनेला पुन्हां जोर चढला तो कौतुकापोटीं नव्हे, एका भयंकर आपत्तीपोटीं. फ्लॉरिडा प्रांताच्या दक्षिणेस ओकीचोबी नांवाचें विस्तीर्ण पण उथळ सरोवर आहे. त्याच्या दक्षिण काठीं काळ्या, सुपीक जमिनीवर भाजीपाला व ऊस पिकत असे, आणि सरोवर व शेतें यांच्यामध्यें आडवा होता तो केवळ मातीचा एक ठेंगणा बांध. १९२८ च्या सप्टेंबरच्या १६ तारखेस रात्रीं चक्रीवादळानें सरोवराचें पाणी त्या बांधावरून लोटलें. निदान अडीच हजार माणसें बुडालीं असा आजचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर होते. हंगामापुरते कामास आलेले, ज्यांचीं नांवेंही कोठें नीट नोंदलेलीं नव्हतीं. प्रेतें पुढें कित्येक आठवडे सांपडत राहिलीं. अशा प्रलयानंतर वांचलेल्यांपर्यंत पोहोंचावें कसें, हाच मोठा प्रश्न असतो. रस्ते पाण्याखालीं, म्हणून मोटार निरुपयोगी. पाणी गुडघाभर आणि त्यांत दाट धारदार गवत, म्हणून होडीही निरुपयोगी.

त्या सरोवराच्या प्रदेशाजवळ जॉन रोब्लिंग नांवाचे एक धनिक अभियंते राहात असत. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल ज्या घराण्यानें बांधला, त्याच घराण्यांतले हे. पुलाची योजना त्यांच्या आजोबांची, आणि १८८३ सालीं तो पुरा केला तो त्यांच्या वडिलांनीं. होडी जेथें रुतते व मोटार जेथें बुडते, त्या दोहोंमधलें अंतर तोडणारें वाहन करावें, असें या जॉन रोब्लिंग यांनीं आपला मुलगा डोनाल्ड यास सुचविलें. डोनाल्ड हा १९०८ सालीं जन्मलेला, अंगानें अतिशय स्थूल, पण यंत्रांचा मोठा शोकी. फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लिअरवॉटर गांवीं त्याचा प्रशस्त वाडा होता. त्या वाड्याच्या आवारांतच त्यानें कर्मशाळा उघडली, मोजके कारागीर हाताशीं घेतले, आणि १९३३ सालीं कामास आरंभ केला.

त्याची मूळ कल्पना अशी: गाडीस चाकें किंवा पंखा न लावतां दोन्हीं बाजूंस रणगाड्याप्रमाणें अखंड फिरणारे पट्टे लावावे, आणि त्या पट्ट्यांवर आडव्या फळ्या बसवाव्या. जमिनीवर त्याच फळ्या नखांसारख्या माती धरतील व पाण्यांत त्याच वल्ह्यांसारखें पाणी मागें लोटतील. सांगावयास सोपें, करावयास महाकठीण. गाडी तरावयाची तर हलकी हवी, आणि झाडाझुडपांतून जावयाची तर भक्कमही हवी. म्हणून त्यानें लोखंड टाकून अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा घेतला. ती धातु त्या काळीं विमानांच्या कामीं येई. १९३५ च्या आरंभीं पहिली गाडी तयार झाली. लांबी २४ फूट, वजन सुमारें १४,००० रत्तल. जमिनीवर ती तासीं २५ मैल धांवली. परंतु पाण्यांत तिचा वेग सव्वादोन मैलांच्या आसपासच राहिला. मनुष्य पायीं चालतो त्याहूनही कमी! पुराच्या ओढींत अशी गाडी दुसऱ्यास काय वांचविणार?

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर थांबला असता. रोब्लिंगनें गाडी मोडून पुन्हां बांधली, आणि एकदां नव्हे, अनेकदां. पट्ट्याच्या सांखळींतच फिरते रूळ बसवून त्यानें घर्षण कमी केलें. सरळ फळ्या काढून तिरप्या व वक्र फळ्या लावल्या. वजन तर बरेंच कमी केलें. १९३७ सालीं सिद्ध झालेल्या गाडीचें वजन ८,७०० रत्तल होतें, यंत्र ८५ अश्वशक्तीचें होतें, आणि पाण्यांतला वेग साडेआठ मैलांवर गेला होता. चार वर्षांच्या खटपटीचें हें फळ. गाडीचें नांव त्यानें ठेवलें ‘अॅलिगेटर’, म्हणजे फ्लॉरिडाच्या दलदलींतली मगर.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ‘लाइफ’ साप्ताहिकानें या मगरीचीं चित्रें छापलीं, आणि तेथून तिचें भाग्य पालटलें. अमेरिकेच्या आरमारांतील एका सेनापतीची नजर त्या पानावर पडली. समुद्रांतून उतरून शत्रूचा किनारा कसा घ्यावा, याचा अभ्यास तेथील मरीन दल कित्येक वर्षें करीत होतें. १९३८ सालीं त्या दलाचा एक अधिकारी क्लिअरवॉटरला येऊन गाडी पाहून गेला. पण सरकारनें पैसे मंजूर केले नाहींत. १९३९ सालीं युरोपांत युद्ध पेटलें आणि चक्रें फिरलीं. सैन्याच्या गरजेप्रमाणें नवी गाडी आंखण्यास रोब्लिंगला राजी करण्यांत आलें. पुढें शेजारच्याच डनेडिन गांवीं, जी कंपनी तोंवर फळबागांचीं यंत्रें करीत असे, तिच्या कारखान्यांतून १९४१ च्या जुलैंत पहिली पोलादी गाडी बाहेर पडली. महायुद्ध संपेपर्यंत या जातीच्या १८,००० हून अधिक गाड्या निघाल्या.

त्यांची खरी परीक्षा झाली ती पॅसिफिक महासागरांतील तारावा या कंकणाकृति बेटावर, १९४३ च्या नोव्हेंबरच्या २० तारखेस. त्या दिवशीं भरती अपुरी आली. किनाऱ्यापासून कित्येक शें वार अंतरावर पोवळ्यांचा खडक पसरलेला, आणि त्यावर नौका तरतील एवढेंही पाणी नाहीं. नौका अडकल्या, त्यांतील सैनिक छातीभर पाण्यांतून गोळ्यांच्या वर्षावांत चालत निघाले, आणि असंख्य तेथेंच पडले. खडक ओलांडून किनाऱ्यास लागल्या त्या केवळ पट्ट्यांच्या गाड्या. अशा सव्वाशें गाड्या होत्या. त्यांपैकीं सुमारें ९० नष्ट झाल्या. तीन दिवसांत अमेरिकेचे सुमारें १,००० आणि जपानी बाजूचे चार हजारांहून अधिक लोक ठार झाले.

बुडत्यांस काढण्यासाठीं जन्मलेलें यंत्र माणसांस मृत्यूच्या तोंडीं नेऊं लागलें, असें यावर कोणी म्हणेल. तें खोटें नाहीं. परंतु पुरतें खरेंही नाहीं. त्याच गाड्या परततांना खडकापर्यंत जखमींस घेऊन येत होत्या, आणि त्या नसत्या तर पाण्यांत आणखी किती पडले असते याची गणती नाहीं. तरीही एक गोष्ट मनाला टोंचल्यावांचून राहात नाहीं. १९२८ सालीं बुडालेल्या मजुरांसाठीं जी गाडी कल्पिली, तिच्यासाठीं सरकारचा खजिना उघडला नाहीं. तो उघडला युद्धासाठीं. सहा वर्षें ती चालली एका घराण्याच्या द्रव्यावर आणि एका माणसाच्या चिकाटीवर.

डोनाल्ड रोब्लिंग १९५९ सालीं वारला. त्याच्या मगरीचे वंशज मरीन दलांत पिढ्यानपिढ्या राहिले. २००५ सालीं कॅट्रिना वादळानें मिसिसिपीचा किनारा उद्ध्वस्त केला, आणि २०१७ सालीं हार्वे वादळानें टेक्सास बुडविलें, तेव्हां त्याच जातीच्या सैनिकी गाड्या भरल्या रस्त्यांतून घराघरांपर्यंत गेल्या व अडकलेल्या माणसांस बाहेर घेऊन आल्या. जॉन रोब्लिंगनें मुलाला सांगितलेलें काम तें हेंच होतें. तें पुरें होण्यास सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि वाट रणांगणावरून गेली. यंत्राला स्वतःचा हेतु नसतो. ज्या हातांत तें जातें, त्या हातांचा हेतु तें पार पाडतें.