‘उण्हीस’ : एक शब्द, अनेक अर्थ

पालि वाङ्मयाचे वाचन करताना ‘उण्हीस’ हा शब्द किमान तीन निरनिराळ्या अर्थांनी आपल्यासमोर येतो. राजाच्या मस्तकावरील शिरोवेष्टन, महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांपैकी एक लक्षण आणि स्तूपाभोवतीच्या वेदिकेचा सर्वांत वरचा आडवा थर, हे ते तीन अर्थ होत. संस्कृतात याच शब्दाचे रूप ‘उष्णीष’ असे आहे. मराठीत अनुवाद करताना प्रसंगानुसार पागोटे, मुकुट, मस्तकावरील उंचवटा असे वेगवेगळे शब्द योजावे लागतात आणि त्यामुळे मूळ शब्द एकच होता हे वाचकाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः या अर्थांना जोडणारे एक सूत्र आहे. मस्तकावरील मानाचे स्थान कोणाचे आणि ते कशामुळे प्राप्त होते, या प्रश्नाला बौद्ध परंपरेने दिलेले उत्तर या एका शब्दाच्या इतिहासात साठवलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

बुद्धपूर्व व समकालीन अर्थ

उन्हाचा ताप निवारते ते उष्णीष, अशी या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती सांगितली जाते. यावरून ते मुळात डोक्याला गुंडाळावयाचे साधे वस्त्र होते असे दिसते. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याच्या वर्णनात उष्णीष येते. वाजसनेयी संहितेत इंद्राणीच्या उष्णीषाचा उल्लेख आहे, म्हणजे ते केवळ पुरुषांचे वस्त्र नव्हते. राजसूय यज्ञाच्या विधीत राजाच्या मस्तकी उष्णीष बांधले जाई आणि येथून या शब्दाला राजचिन्हाचा अर्थ चिकटला. पुढे अमरकोशकारांनी शिरोवेष्टन आणि किरीट असे दोन्ही अर्थ नोंदविले.

‘मुकुट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोन्याचा, रत्नजडित अलंकार उभा राहतो. प्राचीन काळची स्थिती मात्र वेगळी होती. भारहुत व सांची येथील शिल्पांतील राजे धातूचा मुकुट धारण करीत नाहीत; त्यांच्या मस्तकी पीळ देऊन बांधलेले भरदार पागोटे असते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील दांपत्यांतील पुरुषही असेच शिरोवेष्टन मिरवितात. राजाचे उण्हीस आणि श्रीमंत गृहस्थाचे पागोटे यांत जातीचा नव्हे, तर केवळ थाटाचा फरक होता.

राजा पसेनदीचे उण्हीस

पालि परंपरेने राजाची पाच चिन्हे मानली आहेत : खड्ग, छत्र, उण्हीस, पादुका आणि चवरी. यांपैकी उण्हीसाशी निगडित असा एक हृद्य प्रसंग मज्झिमनिकायातील धम्मचेतिय सुत्तात आला आहे. कोसलराज पसेनदी शाक्यांच्या प्रदेशात असताना भगवंतांच्या भेटीस गेला. विहाराच्या दारात त्याने आपले खड्ग आणि उण्हीस काढून सेनापती दीघ कारायन याच्या हाती दिले व तो उघड्या मस्तकाने आत गेला. भगवंतांच्या पायांवर डोके ठेवून त्याने स्वतःचे नाव सांगितले. इतका आदर का, असे भगवंतांनी विचारताच त्याने आपल्या मनातील कारणे एकामागून एक निवेदन केली. आपण दंड देण्यास समर्थ असलेले राजे. तरीही न्यायासनावर बसलो असता लोक आपल्याला मध्येच अडवितात आणि सांगूनही ऐकत नाहीत. येथे मात्र शेकडोंच्या परिषदेत भगवंत धम्म सांगत असता साधा खोकल्याचा आवाजही होत नाही. दंडावाचून आणि शस्त्रावाचून अशी विनीत परिषद आपण अन्यत्र पाहिली नाही, असे तो म्हणतो.

या प्रसंगाचा उत्तरार्ध अट्ठकथेत आहे. कारायनाचा मामा बंधुल मल्ल याला राजानेच मारविले होते. तो डाव कारायनाच्या मनात होता. राजा आत गेलेला पाहून तो राजचिन्हांसह निघून गेला आणि ती त्याने राजपुत्र विडूडभाला देऊन त्याला राज्यावर बसविले. ऐंशी वर्षांचा पसेनदी अजातसत्तूचे साहाय्य मागण्यासाठी राजगृहाकडे निघाला. पण तो पोहोचला तेव्हा नगराची दारे बंद झाली होती, आणि वेशीबाहेरच्या धर्मशाळेत त्याचा अंत झाला. जे उण्हीस दुसऱ्याच्या हाती देता येते, ते दुसऱ्याला पळवूनही नेता येते, हे या कथेइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे सांगितले गेले असेल.

विनयातील एक नियमही येथे आठवावा. डोक्याला वेष्टन गुंडाळून बसलेल्या निरोगी माणसाला भिक्खूने धम्म सांगू नये, असे सेखिय नियमांत म्हटले आहे. नियमातील शब्द ‘वेठितसीस’ असा आहे. तथापि भाव तोच. धम्म ऐकावयाचा तर पागोट्याचा मान बाजूला ठेवावा लागतो. स्वतः सिद्धार्थाने अभिनिष्क्रमणाच्या वेळी आपले केस व शिरोभूषण उतरविले. ते इंद्राने देवलोकात नेऊन त्यावर चूळामणि चैत्य उभारले, अशी कथा निदानकथेत आहे. भारहुतच्या एका शिल्पपटावर देवसभेतील या उत्सवाचे दृश्य कोरून त्याखाली तसा लेखही दिलेला आहे.

महापुरुषलक्षणाचा अर्थ

ज्याने राजमुकुट टाकला, त्याच्याच बत्तीस लक्षणांत ‘उण्हीससीस’ हे लक्षण आढळते. हा विरोधाभास समजून घेतला पाहिजे. दीघनिकायातील लक्खण सुत्तात प्रत्येक लक्षण कोणत्या पूर्वकर्माचे फळ आहे हे सांगितले आहे. उण्हीससीस होण्याचे कारण म्हणून तेथे ना कुळ सांगितले आहे, ना यज्ञ. कुशल कर्मांत जो बहुजनांचा अग्रणी झाला. काया, वाचा व मनाच्या सदाचरणात, दानात, शीलपालनात, उपोसथात, मातापित्यांच्या व वडीलधाऱ्यांच्या सेवेत जो इतरांच्या पुढे राहिला, त्याला हे लक्षण प्राप्त होते. त्याचे फळही तसेच आहे : बहुजन त्याचे अनुसरण करतात. राजसूयात पुरोहित जे मस्तकावर बांधीत असे, ते येथे आचरणातून मस्तकावर उमटते. शब्द जुनाच राहिला, पण त्याचा अधिकार बदलला.

मग हे लक्षण दिसत कसे होते? आज आपण ज्या मूर्ती पाहतो, त्यांवरून मस्तकावरील गोल उंचवटा डोळ्यांपुढे येतो. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात लेखन करणाऱ्या आचार्य बुद्धघोषांनी मात्र असे म्हटलेले नाही. त्यांच्या मते या शब्दाने परिपूर्ण ललाट व परिपूर्ण मस्तक या दोन गोष्टी सूचित होतात. उजव्या कानापासून निघून सर्व कपाळ व्यापीत डाव्या कानापर्यंत गेलेला मांसल भाग राजाने बांधलेल्या उण्हीसपट्टासारखा शोभत असे, असे ते वर्णन करतात. नवरदेवाच्या कपाळी एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत बांधलेली मुंडावळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बुद्धघोष पुढे असेही सांगतात की राजांचा उण्हीसपट्ट हाच या लक्षणाच्या अनुकरणाने निर्माण झाला. म्हणजे मूळ कोणते आणि प्रतिकृती कोणती, याचा क्रमच अट्ठकथेने उलटविला आहे.

मूळ सुत्तांतील अन्य पुरावाही विचारात घेण्यासारखा आहे. सामञ्ञफल सुत्तात भिक्खुसंघात बसलेले भगवान कोणते, हे राजा अजातसत्तूला जीवकाला विचारावे लागते. जीवक त्यांच्या मस्तकाची खूण सांगत नाही. मधल्या खांबाजवळ पूर्वाभिमुख बसलेले ते भगवान, असे सांगतो. धातुविभंग सुत्तात पुक्कुसाती कुंभाराच्या घरी भगवंतांसह रात्र काढतो. त्याला ओळख पटते ती उपदेशावरून. मुंडित मस्तकाचे बुद्ध इतर भिक्खूंहून बाह्यतः वेगळे दिसत नसत, असेच यावरून म्हणावे लागते.

मूर्तीतील उष्णीष आणि पुढील विस्तार

बुद्धमूर्ती घडू लागल्या तेव्हा शिल्पकारांपुढे हे लक्षण दाखवावयाचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. मथुरेच्या कटरा येथील प्रसिद्ध मूर्तीत मस्तकावर शंखाप्रमाणे वळलेली केसांची गाठ आहे. गांधारातील मूर्तींत लाटांसारखे केस वर नेऊन त्यांचा अंबाडा बांधलेला दिसतो. पुढे दोन अंगुळे लांबीच्या, उजवीकडे वळलेल्या केसांची निदानकथेतील परंपरा रूढ झाली. सर्व मस्तकावर बारीक कुरळ्या बटा आल्या आणि अंबाड्याच्या जागी राहिलेला उंचवटा हा अस्थीचाच भाग मानला गेला. आनंद कुमारस्वामी यांनी 1928 मध्ये एका विस्तृत लेखात चूडा, केस, उष्णीष व मुकुट यांचा परस्परसंबंध तपासला. तेव्हापासून या विषयाची चर्चा विद्वानांत होत आली आहे.

आपल्याकडील अजिंठ्याच्या लेण्यांत या विकासाचा परिपक्व टप्पा पाहावयास मिळतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मस्तकी उंच, नाजूक कलाकुसरीचा मुकुट आहे. त्याच लेण्याच्या गाभाऱ्यातील बुद्धांच्या मस्तकी मुकुट नाही, केवळ उष्णीष आहे. जो अद्याप संसारात राहून प्राण्यांचे हित साधतो त्याला मुकुट, आणि ज्याने सर्व साध्य केले त्याचे मस्तक अलंकारविरहित, हा भेद चित्रकार व शिल्पकार यांनी जाणीवपूर्वक पाळला आहे.

पुढील काळात शब्दाचा विस्तार दूरवर झाला. 399 मध्ये चीनहून निघालेल्या फाहियानने आजच्या अफगाणिस्तानातील हड्डा येथे बुद्धांच्या उष्णीष-अस्थीची पूजा पाहिली. तिच्या रक्षणासाठी आठ प्रतिष्ठित कुळांतील आठ जणांच्या मोहोरा लावल्या जात. सातव्या शतकात ह्युएनत्संग तेथे आला तेव्हा अस्थीच्या दर्शनासाठी व तिचा ठसा घेण्यासाठी सुवर्णनाणी आकारली जात होती. महायान व वज्रयान परंपरेत उष्णीषविजया ही दीर्घायुष्य देणारी देवता आणि तिची धारणी प्रसिद्ध झाली. चीनमधील ज्युयोंग खिंडीतील दरवाजावर 1345 मध्ये ही धारणी सहा लिप्यांत कोरली गेली. पाल काळात बिहार व बंगालमध्ये तर खुद्द बुद्धांच्याच मस्तकी मुकुट चढविलेल्या मूर्ती घडविल्या गेल्या. शब्दाने जणू एक पूर्ण फेरा घेतला.

वेदिकेचे उण्हीस

आता तिसऱ्या अर्थाकडे वळू. तो मूर्तीहून प्राचीन आहे. दीघनिकायातील महासुदस्सन सुत्तात राजाच्या पुष्करिणींच्या पायऱ्यांचे वर्णन करताना सोन्याचे खांब असतील तेथे रुप्याच्या सूचि व रुप्याचे उण्हीस, असा तपशील दिला आहे. वेदिकेचे हेच तीन भाग. थम्भ म्हणजे उभा खांब, सूचि म्हणजे खांबांच्या खाचांत आडवी बसविलेली पट्टी आणि उण्हीस म्हणजे खांबांच्या माथ्यावर ठेवलेला, वरून गोलसर घडविलेला शिळांचा थर. खांबाच्या माथ्यावरील कूस उण्हीसाच्या खोबणीत बसते, आणि त्यामुळे सुटे खांब एकमेकांशी बांधले जातात. लाकडी कामाची ही रीत दगडात जशीच्या तशी उतरली.

भारहुतची वेदिका अलेक्झांडर कनिंगहॅम यांना 1873 मध्ये सापडली व तिचे अवशेष कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. तिच्या उण्हीसावर अखंड वळणे घेत जाणारी वेल आणि वळणावळणांत जातककथांची दृश्ये आहेत. अमरावतीच्या उण्हीसावर जाडजूड पुष्पमाळ खांद्यावर वाहणाऱ्या आकृतींची रांग आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की हे खांब आणि या सूचि एखाद्या राजाने एकट्याने दिलेल्या नाहीत. भारहुत, सांची व अमरावती येथील लेखांत भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका आणि कारागीर यांची नावे आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणाचे काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले. अमरावतीच्या स्तूपाला पूर्णघटाची शिळा अर्पण करणारा विधिक हा चर्मकार होता आणि त्याने आपला व्यवसाय लेखात निःसंकोच नोंदविला आहे.

समारोप

उन्हापासून रक्षण करणारे वस्त्र राजचिन्ह झाले. राजचिन्ह सदाचरणाचे लक्षण झाले. ते लक्षण मूर्तीत आकाराला आले, अस्थिरूपाने व देवतारूपाने पूजिले गेले. या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट कायम राहिली. बौद्ध परंपरेने उण्हीसाचा मान नाकारला नाही; तो मान जन्माकडून व शस्त्राकडून काढून घेऊन कुशल कर्माकडे सोपविला. पसेनदीचे उण्हीस एका सेनापतीच्या हातून दुसऱ्या राजाकडे गेले आणि नष्ट झाले. भारहुतचे उण्हीस मात्र सामान्य माणसांनी दिलेल्या खांबांवर शतकानुशतके टिकले आणि आजही पाहावयास मिळते.